तिकिटं लिंक केली म्हणजे सिंक झाली, हे साफ खोटं आहे

सध्या बेळगावातल्या आयटीवाल्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तो जिराबद्दल. जिरा म्हणजे टीमची कामं आणि तक्रारी नोंदवून सांभाळायचं ॲटलासियन कंपनीचं सॉफ्टवेअर, आणि त्यातली एकेक नोंद म्हणजे तिकीट. 'जिरामध्ये दोन प्रोजेक्टची तिकिटं लिंक करा आणि निर्धास्त व्हा' असं वर ठळक, आणि खाली पाच मुद्दे. लिंक केली की एका तिकिटाचं स्टेटस बदलल्यावर दुसऱ्याचं आपोआप बदलतं. क्लोन केलं तर नक्कल कायम मूळ तिकिटाबरोबर अपडेट होत राहते. कॉमेंट दोन्हीकडून सिंक, म्हणजे आपोआप सारख्या, ठेवा, म्हणजे गिऱ्हाइकाला सगळं दिसतं आणि विश्वास वाढतो. ऑटोमेशन, म्हणजे ठरवून दिलेली कामं आपोआप करणारे रूल, फुकट आहे, कितीही वापरा. आणि एवढं केलं की मधे पाठपुरावा करणारा माणूस लागत नाही.

माझी खानापूरची भाची उद्यमबागच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर देणाऱ्या एका छोट्या कंपनीत सपोर्टला आहे. तिच्या साहेबांनी हा मेसेज टीमला पाठवून खाली लिहिलं, 'सोमवारपासून असंच करायचं.' तिने मला विचारलं, "मामा, हे खरं काय?" जिराची अ‍ॅडमिनगिरी हेच माझं रोजचं काम, म्हणून तिला फोनवर जे सांगितलं ते इथे सगळ्यांसाठी लिहितोय.

पहिला मुद्दाच चुकीचा आहे. जिरातली लिंक म्हणजे दोन तिकिटांमधल्या नात्याची नोंद. 'ब्लॉक्स' (हे तिकीट त्याला अडवतंय), 'ड्युप्लिकेट्स' (तीच तक्रार पुन्हा), 'क्लोन्स' (नक्कल), 'रिलेट्स टू' (नुसता संबंध) असे तिचे प्रकार असतात. ती लावल्यावर दोन्ही तिकिटांवर एकमेकांचा नंबर दिसतो, एवढंच. स्टेटस, तारीख, प्रायॉरिटी यांतलं काहीही इकडून तिकडे जात नाही. 'ब्लॉक्स' लावलं म्हणून अडकलेलं तिकीट बंद करायला जिरा मनाईसुद्धा करत नाही. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी एवढंच बघावं: जिरा २००२ सालचं, आणि ॲटलासियनने कोड बॅरल ही कंपनी विकत घेतली २०१९ साली. या कंपनीचं उत्पादन काय, तर 'ऑटोमेशन फॉर जिरा'. एका तिकिटावर काही घडलं की दुसऱ्यावर काय करायचं, याचे रूल लिहायचं साधन. लिंक हे काम आपणहून करत असती, तर हे साधन कुणी बनवलं नसतं आणि ॲटलासियनने ते विकतही घेतलं नसतं. आजही ॲटलासियन लिंक केलेल्या तिकिटांसाठी तयार रूलचे नमुने देते, ते याचसाठी.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. रेडमाइन हे तिकिटं सांभाळायचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हा मेसेज ओळखीचा वाटेल. तिथे एक तिकीट दुसऱ्याचं 'ड्युप्लिकेट' म्हणून जोडलं, तर मूळ बंद केल्यावर ड्युप्लिकेटही बंद होतं, आणि 'ब्लॉक्स' लावलं तर अडवणारं तिकीट बंद झाल्याशिवाय अडकलेलं बंद करता येत नाही. रेडमाइनच्या स्वतःच्या विकीवर हे लिहिलेलं आहे. पण तिथेही दोन वेगळ्या प्रोजेक्टमधली तिकिटं जोडायची तर अ‍ॅडमिनला सेटिंगमध्ये ती परवानगी द्यावी लागते. मेसेज जिराबद्दल बोलतोय, आणि जिरात हे असं होत नाही.

बरं, रूल लिहून स्टेटस जोडलं तरी ते जसंच्या तसं जोडणं चूकच. समजा एका फौंड्रीची तक्रार आली, मालासोबतच्या चलनावर निव्वळ वजनाच्या जागी एकूण वजन छापलं जातंय. हेल्पडेस्कमध्ये तिकीट एचडी-२१४, त्याला लिंक केलेलं प्रोग्रामरचं तिकीट डेव्ह-८८. प्रोग्रामरने संध्याकाळी कोड दुरुस्त केला आणि डेव्ह-८८ 'डन' केलं. त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे. नवीन व्हर्जन फौंड्रीच्या मशीनवर चढायला अजून दोन दिवस आहेत. पण रूलने त्याच मिनिटाला एचडी-२१४ बंद केलं आणि गिऱ्हाइकाला मेल गेला की तुमची तक्रार मिटली. इकडे माल भरलेला ट्रक गेटवर उभा, आणि चलन अजून चुकीचंच निघतंय. डिस्पॅचचा माणूस यापुढे तिकीट टाकणार नाही, सरळ मालकाला फोन लावेल.

तिसरा, कॉमेंट सिंक करण्याचा मुद्दा सगळ्यात घातक. मला राग आला तो यामुळेच.

प्रोग्रामरच्या तिकिटावर काय काय पडलेलं असतं ते बघा. एररचा लॉग चिकटवलेला असतो, त्यात डेटाबेसचा पत्ता आणि कधीकधी पासवर्डसुद्धा. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे हाच बग कसा आला होता ते त्याच्या नावानिशी लिहिलेलं असतं. 'यांच्याकडे बॅकअपच नाही, आधी ते लेखी घ्या' असंही कुणीतरी लिहितं. आपसात असं लिहिणं गैर नाही, काम असंच चालतं. आता दोन्हीकडून कॉमेंट सिंक करणारा रूल सुरू केला की काय होतं? तो रूल मूळ कॉमेंट दाखवत नाही, त्यातला मजकूर उचलून दुसऱ्या तिकिटावर नवीन कॉमेंट टाकतो. मूळ कॉमेंट फक्त डेव्हलपरांना दिसेल असं बंधन असलं तरी ते नव्या कॉमेंटला आपोआप लागत नाही. गिऱ्हाइकाच्या तिकिटावरची कॉमेंट उघडी असली तर मेलही जातो. मग घाबरून तिकिटावरची कॉमेंट डिलीट करा, त्याच्या इनबॉक्समधला मेल तुमच्या हातात नाही. याला विश्वास वाढवणं म्हणायचं?

कॉमेंट पाठवायचीच असेल तर एकाच दिशेने, आणि कुणीतरी मुद्दाम निवडलेलीच पाठवा. हेल्पडेस्कच्या प्रोजेक्टमध्ये कॉमेंट इंटर्नल आहे की नाही हे रूलला तपासता येतं, ती अट घातल्याशिवाय रूल सुरू करू नका. आणि दोन बाजूंना दोन रूल असतील तर आणखी एक धोका. इकडची कॉमेंट तिकडे गेली, तिकडच्या रूलने तीच परत इकडे आणली, असं चक्र लागू शकतं. म्हणूनच एका रूलच्या कामाने दुसरा रूल सुरू होऊ द्यायचा का, याची खूण जिरात मुळात बंद असते. 'सिंक होत नाहीये' म्हणून ती डोळे झाकून चालू करणारे लोक मी बघितलेत.

क्लोनचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. क्लोन म्हणजे त्या क्षणाची प्रत आणि सोबत एक 'क्लोन्स' लिंक. त्यानंतर मूळ तिकिटात काहीही बदला, प्रतीला पत्ता लागत नाही.

ऑटोमेशन फुकट आणि अमर्याद, हेही खरं नाही. जिराच्या क्लाउडवर, म्हणजे ॲटलासियनच्या सर्व्हरवर चालणाऱ्या जिरात, २०२३च्या नोव्हेंबरपासून मोफत प्लॅनला महिन्याला १०० आणि स्टँडर्डला १,७०० वेळा रूल चालण्याची मर्यादा आली. पाच जणांच्या टीमने दिवसाला चार-चार कॉमेंट केल्या आणि प्रत्येक कॉमेंटला रूल चालला, तर मोफतचे १०० पाच दिवसांत संपतात. पुढे महिना संपेपर्यंत सिंक बंद, आणि टीम मात्र सिंक चालू आहे याच भरवशावर.

मधे माणूस लागत नाही, या पाचव्या मुद्द्याने माझ्या भाचीसारख्यांचं नुकसान होतं. बेळगाव, खानापूर, निपाणीची कितीतरी मुलं याच मधल्या जागेवर कामाला आहेत. गिऱ्हाईक मराठीत बोललं तर मराठीत, कन्नडमध्ये बोललं तर कन्नडमध्ये तक्रार ऐकायची, नेमकं काय बिघडलंय ते चार प्रश्न विचारून काढायचं, प्रोग्रामरला कळेल असं लिहायचं, आणि दुरुस्ती झाली की गिऱ्हाइकाकडे खरंच चालतंय का ते बघून मगच तिकीट बंद करायचं. यातलं शेवटचं काम कुठलाच रूल करू शकत नाही. शिवाय रूल अडकतातही. समोरच्या प्रोजेक्टमध्ये रूलला परवानगी नसते, किंवा तिकीट ज्या स्टेटसला आहे तिथून हव्या त्या स्टेटसला जायची वाटच वर्कफ्लोमध्ये, म्हणजे स्टेटसच्या ठरवलेल्या क्रमात, नसते. हे ऑडिट लॉगमध्ये, म्हणजे रूल कधी चालला आणि कुठे अडकला याच्या नोंदीत, दिसतं, पण तो उघडून बघायला माणूसच लागतो.

भाचीच्या साहेबांना मी सुचवलेला रूल साधा आहे. डेव्हचं तिकीट 'डन' झालं की फक्त 'ब्लॉक्स' लिंकने जोडलेलं हेल्पडेस्कचं तिकीट 'तपासणी बाकी' या स्टेटसला न्यायचं आणि ज्याच्या नावावर आहे त्याला कळवायचं. 'रिलेट्स टू'ला हात लावायचा नाही, कॉमेंट पाठवायच्या नाहीत, तिकीट बंद करायचं ते माणसानेच. हेल्पडेस्ककडून उलट दिशेला फक्त प्रायॉरिटी जाऊ द्या.

आणि मेसेज वाचून कुणी कॉमेंटचा रूल आधीच सुरू केला असेल, तर तो आज बंद करा. ऑडिट लॉग उघडा, कुठल्या तिकिटांवर तो चालला ते बघा, त्या तिकिटांवरच्या कॉमेंट एकेक करून वाचा. त्यात कुठला पासवर्ड गेला असेल तर कॉमेंट डिलीट करत बसण्याआधी तो पासवर्ड बदला.