‘आपलं नक्की काय चाललंय?’ असं तिने विचारलं तर

मित्रांनो, नवीन नवीन जमलंय, रात्री एक वाजेपर्यंत चॅटिंग चालूये आणि पोरगी अचानक विचारते, "आपलं नक्की काय चाललंय?" अजिबात घाबरू नका. सगळी उत्तरं मी नुकतीच एका महाभागाकडून ऐकलीयेत, ताजी आहेत तोवर घ्या.

आधी "गो विथ द फ्लो" म्हणा. फ्लो कुठे चाललाय असं विचारलं तर "तू फार ओव्हरथिंक करतेस".

प्रश्न पुण्यातल्या झेड ब्रिजवर, जोडप्यांच्या त्या लाडक्या पुलावर, आला तर सोन्याहून पिवळं. गाडीला टेकून खाली मुठा नदीकडे बघत राहा. मुठेत पाणी नसलं तरी बघा.

"एवढी काय घाई आहे?" हे तर कायम खिशात ठेवा. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टवालेसुद्धा नोटीस दिली की ३० दिवस थांबा म्हणतात, १९५४ चा कायदा तो, पण निदान आकडा तरी सांगतो. तुम्ही आकडा सांगू नका. (लग्नाचं कोणी विचारलेलंच नसतं, तरी तुम्ही लग्नच ऐकायचं.)

लेबल नको, लेबलने मजा जाते.

आता ओळख करून देणं, ही खरी कला. समजा मित्राच्या लग्नात दोघं गेलात, बुफेच्या लाईनीत आहात, तिच्या ताटात जिलबी तुम्हीच वाढलीये आणि समोरून तुमची आत्या आली. लगेच म्हणायचं, "ही माझी कलीग." मी बँकेत, हा आयटीत, आत्या विचारतायत कुठली टीम गं तुझी, आणि हा माणूस मठ्ठा पितोय! बरं तेवढ्यावर थांबेल तर शपथ, आत्यांनी मोबाईल काढला आणि म्हणाल्या, बघ गं, तुझ्या ओळखीत कोणी असेल तर सांग याच्यासाठी. बायोडेटा. पीडीएफ. वर गणपती, खाली रास, नाडी, गोत्र, पॅकेज, अपेक्षा: "शिकलेली, घरात मिळून मिसळून राहणारी, शक्यतो पोटजातीतली". ज्याला माझ्यासमोर एक वाक्य धड पूर्ण करता येत नाही त्याने ‘शक्यतो’सकट सगळं टाईप केलंय, आणि फोटो कुठला तर सिंहगडावरचा, मी काढलेला, कोपऱ्यात माझी ओढणी अर्धी कापलेली दिसतीये!! आणि याला मठ्ठाच संपेना.

पुढची टिप द्यायची होती पण खड्ड्यात गेली टिप.

अरे, नसेल सिरीयस व्हायचं तर सांगा ना. घरी सांगायची हिंमत नाही? तसं सांगा. जात आडवी येतीये? तेही तोंडाने बोला, आम्हाला काय कळत नाही का. ऐकून रडू, शिव्या घालू, पण निदान आम्हाला कळेल तरी. तुम्ही मात्र इकडे फ्लो आणि तिकडे पत्रिका, दोन्हीकडे निवांत, आणि वर आम्हीच म्हणे ओव्हरथिंक करतो. लाज वाटू दे जरा.

आणि तू, वाचत असशीलच. तो फोटो काढ तिथून. आजच्या आज.