कानाचं मशीन लावल्याने ऐकू येणं कमी होत नाही

घरोघरच्या ग्रुपवर एक संदेश फिरतो: ‘कानाचं मशीन लावू नका. सवय लागून उरलंसुरलं ऐकणंही जातं. मेंदू आळशी होतो. समोरच्याने मोठ्याने बोलावं, अगदीच अडलं तर एका कानाला लावावं.’ असा सल्ला मानून माणसं वर्षानुवर्षं मशीन टाळतात आणि हळूहळू गप्पांतून बाजूला पडतात. म्हणून त्यातलं एकेक विधान पाहू.

‘उरलंसुरलंही जातं.’ प्रत्येक कानाच्या कॉक्लियात (आतल्या कानाच्या शंखासारख्या भागात) आवाज टिपणाऱ्या साधारण ३,५०० आतल्या आणि १२,००० बाहेरच्या केशपेशी असतात. माणसात त्या नव्याने तयार होत नाहीत. वयानुसार होणारी त्यांची झीज मशीन नसलं तरी चालूच राहते, आणि दोष मात्र मशीनच्या माथी येतो. धोका आहे तो तपासणीशिवाय घेतलेल्या, सगळेच आवाज सरसकट वाढवणाऱ्या स्वस्त यंत्राचा. ऑडिओग्रामनुसार (कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो, त्याच्या तपासणीच्या आलेखानुसार) जुळवलेल्या मशीनमध्ये कमाल आवाजाला मर्यादा घातलेली असते.

‘मेंदू आळशी होतो.’ मेंदू सुस्तावतो तो आवाज न मिळाल्याने. दोन्ही कानांनी कमी ऐकू येणाऱ्या, पण एकाच कानाला मशीन लावलेल्या लोकांचा अभ्यास सिल्मन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. काही वर्षांनी मशीन नसलेल्या कानाची शब्द ओळखण्याची क्षमता घसरली होती. अगदी हळू आवाज ऐकू येण्याची पातळी मात्र दोन्ही कानांत जवळपास पूर्वीसारखीच होती. (मशीनने स्मृतिभ्रंश हमखास टळतो, हा दावाही तितकाच चुकीचा. २०२३ च्या तीन वर्षांच्या अमेरिकी चाचणीत एकूण गटात फरक दिसला नाही. आधीच जास्त जोखीम असलेल्यांत मात्र स्मरण-विचारशक्तीचा ऱ्हास मंदावला.)

‘मोठ्याने बोलावं.’ वयानुसार आधी उच्च वारंवारतेचे, म्हणजे उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स्वर बहुतांशी १,००० हर्ट्झच्या खाली जोरकस असतात. स, श, च, ट यांची ओळख २,००० हर्ट्झच्या वरच्या भागावर ठरते. म्हणून ‘सात’ आणि ‘हात’ सारखेच वाटतात: आवाज येतो, शब्द कळत नाही. ओरडल्याने स्वरच जास्त वाढतात. त्यात बाहेरच्या केशपेशी गेल्यामुळे हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज असह्य होतो. त्यापेक्षा टीव्ही बंद करा, हातभर अंतरावर समोर या, थोडं सावकाश बोला. न कळलेलं वाक्य तसंच न उगाळता वेगळ्या शब्दांत सांगा.

‘एकाच कानाला लावावं.’ बाजूने आलेला आवाज दोन कानांत जास्तीत जास्त सुमारे ०.७ मिलिसेकंदांच्या फरकाने पोचतो. तो फरक आणि आवाजाच्या पातळीतली तफावत यांवरून मेंदू दिशा ओळखतो, गोंगाटातून बोलणं वेगळं काढतो. दोन्ही कान कमी असतील तर सहसा दोन्हींना मशीन हवं. एका कानाला शब्दच ओळखता येत नसतील, तर निर्णय वेगळा होतो.

अनेक मशीनं वापराविना खणात जातात ती पहिल्या महिन्यात. पंखा, भांडी, पावलं असे विसरलेले आवाज अचानक अंगावर येतात. त्यांना मागे टाकायला मेंदूला काही आठवडे लागतात. शांत खोलीत रोज दोन-तीन तासांनी सुरुवात करा, तीन आठवड्यांत दिवसभरावर या. मशीनमधून शिट्टी वाजत असेल तर कानात बसणारा साचा सैल आहे किंवा कानात मळ आहे. आवाज दबला तर मशीनच्या टोकाची, मळ अडवणारी जाळी बदला. पावसाळ्यात रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत मशीन ठेवा. झिंक-एअर बॅटरीचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मगच ती बसवा.

एका कानाचं ऐकणं तासाभरात किंवा एक-दोन दिवसांत गेलं, तर मशीनचा विचार नंतर. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त होतो.