‘रिव्हर व्ह्यू’ आणि पुराची खूण

घराची जाहिरात नीट वाचली की फसगत टळते, हे तुमच्या लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. जे लिहिलेलंच नसतं ते वाचणार कसं? आमच्या बडोद्यात समा भागात ‘रिव्हर व्ह्यू’ असं झोकात छापतात. ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी पार्किंगमध्ये कुठवर चढलं होतं, ते मात्र गुलदस्त्यात. (नदीतल्या मगरींचं तर सोडाच!) जाहिरातीतले १२०० फूट म्हणजे सुपर बिल्टअप, त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज सगळं आलं. खोट्या जाहिरातीवर विसंबून बिल्डरला आगाऊ पैसे दिले असतील, तर रेरा या घरबांधणी व्यवहारांच्या कायद्याच्या कलम १२खाली भरपाई मागता येते. जुन्या घराच्या रिसेलला त्याचा काही उपयोग नाही. तिथे दलालाला तोंडावर विचारायचं, कार्पेट, म्हणजे घरातली खरी वापरायची जागा, किती? आणि खालच्या भिंतीला नवा रंग कशासाठी दिलाय?