गोल कापायच्या जिगबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या सोलापूरच्या दुकानातून नेलेल्या राउटरच्या (लाकूड कापायच्या-कोरायच्या यंत्राच्या) सर्कल जिगची, म्हणजे मधल्या पिनभोवती राउटर फिरवून गोल कापायच्या जोडणीची, मापाची पट्टी चुकीची आहे, तिच्यामुळे ६०० मिमी व्यासाचा टेबलटॉप ५८८ मिमीचा निघाला, कापाची टोके जुळली नाहीत आणि आम्ही जिग परत घेतली नाही, असे आपण लिहिले आहे. चांगला सागवानी प्लाय वाया गेला याचे वाईट वाटते. परंतु पट्टीत दोष आहे हे आम्हाला मान्य नाही, आणि त्याचा पुरावा आपणच दिलेल्या मापांत आहे.

आपण १२ मिमीचा बिट (राउटरचे फिरते पाते) लावला होता. या जिगची पट्टी पिनच्या मध्यापासून बिटच्या मध्यापर्यंतचे अंतर दाखवते. ती ३०० वर लावली की बिटची आतली धार २९४ मिमीवर फिरते आणि चकती ५८८ मिमीचीच येते. पट्टी चुकत असती तर तूट नेमकी बिटच्या व्यासाइतकी आली नसती. चकती हवी असेल तर त्रिज्येत बिटचा अर्धा व्यास मिळवायचा, म्हणजे ३०६. फळीत तेवढेच गोल भोक हवे असेल तर तो वजा करायचा, म्हणजे २९४. त्यातही ‘चार सूत’ (अर्धा इंच) म्हणून मिळणारा बिट १२ नव्हे, १२.७ मिमीचा असतो, आणि धार लावून आणलेला बिट तर मूळ मापापेक्षा बारीकच होतो. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर लहानशी चकती कापून ती व्हर्नियरने (बारीक माप दाखवणाऱ्या कॅलिपरने) मोजावी. तेथे जो फरक दिसेल तोच मोठ्या गोलालाही लागू पडतो.

टोके न जुळण्याविषयी: आपण टाकलेल्या फोटोत प्लायमधले पिनचे भोक एका बाजूला लांबट झालेले स्पष्ट दिसते. भोक हातातल्या ड्रिलने तिरके पडले किंवा पिनपेक्षा मोठे झाले की पिन आत हलते आणि फेरी पूर्ण होताना पायरी राहते. पिन ते बिट अंतर ठरवणारा जिगचा सरकता दांडा स्क्रूच्या पकडीतून घसरला असावा अशी शंका असेल, तर जिग न हलवता पिन ते बिट अंतर पुन्हा मोजावे. ते ३०० च भरले तर स्क्रूने पकड सोडलेली नाही.

ठरावीक भोकांची जिग द्यायला हवी होती, असेही आपण म्हणता. तिचे माप घसरत नाही हे खरे, पण दोन भोकांमधले माप तिच्यावर मिळत नाही, आणि आपण निरनिराळ्या मापांचे टॉप करणार असल्याचे सांगितले होते. एकाच मापाचे पोळपाट करणाऱ्यांना आम्ही जिग विकतच नाही. राउटरखाली प्लायची पट्टी बसवून तिला एक भोक पाडा, असे सांगतो (धंद्याच्या दृष्टीने हा शहाणपणा नव्हे, हे मान्य).

वापरलेले अवजार परत घेतले जात नाही, हे बिलावर छापलेले आहे आणि येथे अपवाद करण्यासारखे काही दिसत नाही. मात्र पिन मुळातच सैल असेल किंवा स्क्रू धरत नसेल, तर तो मालाचा दोष ठरतो. जिग आणि तोच बिट घेऊन दुकानात यावे. आपल्यासमोर गोल कापून मोजू आणि असा दोष आढळल्यास जिग विनामूल्य बदलून देऊ.

आपला विश्वासू,
दुकानाचा मालक