रॉथचं पुढचं दार, मागचं दार

आमचा तळेगावचा प्लॉट विकला तेव्हा सासूबाईंनी पेढे वाटले. त्या प्लॉटपायी इथे न्यू जर्सीत आमचं रॉथ आयआरए (निवृत्तीचं खातं: कर भरलेले पैसे टाकायचे, म्हातारपणी काढताना कर नाही) लटकेल, हे मात्र कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

२०२५ च्या जानेवारीत आम्ही दोघांनी आपापल्या रॉथमध्ये ७,००० डॉलर भरून टाकले. वर्षाची मर्यादा तेवढीच होती (पन्नाशीनंतर ८,०००; २०२६ साठी ७,५०० झाली). एका माणसाची सगळी आयआरए खाती मिळून ही मर्यादा, खात्यागणिक नाही. २०२५ साठी एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याचं उत्पन्न २ लाख ३६ हजारांच्या आत असेल तर रॉथमध्ये पूर्ण भरता येत होते, पुढे कमी कमी होत २ लाख ४६ हजारांना शून्य. पगार बघून नवरा म्हणाला, "आरामात बसतोय आपण."

इथेच गंमत आहे. हा आकडा नुसत्या पगाराचा नसतो. ४०१के मध्ये (कंपनीतर्फे असलेलं निवृत्तीचं खातं) करपूर्व टाकलेले पैसे त्यातून वजा होतात, पण प्लॉटचा नफा धरला जातो, पुण्यातल्या एफडीचं व्याजही. एनआरई (परदेशातल्या कमाईच्या) एफडीचं व्याज तिकडे करमुक्त, इकडे नाही! आणि उलट बाजू बघा: नुसत्या व्याजावर किंवा भाड्यावर आयआरए भरता येत नाही, त्याला कमाई लागते. (नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर घरी असलेल्या मैत्रिणींनो, एकत्र रिटर्न भरत असाल तर नवऱ्याच्या कमाईवर तुमच्या नावाचं आयआरए भरता येतं. विचारा घरी.)

मार्चमध्ये रिटर्न भरताना कळलं, आमची मर्यादा शून्य. तसंच ठेवलं असतं तर दरवर्षी ६ टक्के दंडाचा कर, म्हणजे दोघांचे मिळून ८४० डॉलर, पैसे काढेपर्यंत. मुदतीच्या आत होतो म्हणून दोघांचे पैसे, त्यावरच्या वाढीसकट, पारंपरिक आयआरएत (यात कर लागतो तो पैसे काढताना) वळवून घेतले.

मग तिथून पुन्हा रॉथमध्ये! याला बॅकडोअर म्हणतात आणि ते कायदेशीर आहे. रॉथमध्ये थेट भरायला उत्पन्नाची अट आहे, पारंपरिकमधून रॉथमध्ये रूपांतराला नाही. मग पुढच्या दाराला कुलूप कशासाठी, सांगा ना? ज्याला मागचं दार माहीत नाही तोच बाहेर राहतो.

माझं सरळ झालं, वाढीवर तेवढा कर. नवऱ्याचं नाही. जुन्या कंपनीचा ४०१के त्याने कधीतरी आयआरएत आणला होता, ६३,००० डॉलर, कर न भरलेले. त्यात हे कर भरलेले ७,००० मिसळले. दुधात विरघळलेली साखर तेवढी वेगळी काढता येते का? दर ७,००० च्या रूपांतरात जेमतेम ७०० करमुक्त. तो जुना पैसा आताच्या कंपनीच्या ४०१के मध्ये घेत असतील, तर वर्षअखेरीच्या आत हलवून हे सुटतं. काही कंपन्या घेतात, काही नाही.

एचआरला मेल टाकून आठ दिवस झाले, उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणी असं हलवलंय का? किती दिवस लागले?