फुकटच्या गेमची सीडी काढा, चार पैसे कमवा

सोयाबीनच्या धंद्यात आधी सोयाबीन घ्यावं लागतं, कापसाच्या धंद्यात कापूस. तुम्ही असा धंदा निवडा ज्यात खरेदीच नाही. इंटरनेटवर फुकट मिळणारे गेम उतरवून घ्या, सीडीवर टाका, रंगीत पाकिटात घाला आणि लातूरच्या गंजगोलाईत ४९ रुपयांना विका. खरेदी शून्य, विक्री ४९. एवढं सोपं गणित तर पंचांगातही नसतं.

कुणी म्हणेल, फुकटची वस्तू विकता, लाज नाही वाटत? त्याला टँकर दाखवा. पाणी आभाळातून फुकटच पडतं (पडलं तर). पैसे लागतात ते आणून ओतायचे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पुढं रेल्वेचं बिलही आलं, तेही वाहतुकीचंच. तुम्हीही वाहतूकदारच की. फक्त त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि गेमची वाहतूक जवळपास फुकटात पडली, हे गिऱ्हाइकापुढं काढायचं नाही.

लायसन्स वाचायच्या भानगडीत पडू नका. वाचलंत तर कळेल की 'फुकट' दोन जातींचं असतं. एकात गेम नुसता वापरायला फुकट. मालकी बनवणाऱ्याची, आणि बऱ्याचदा त्यानं स्पष्ट लिहिलेलं असतं की पैसे घेऊन वाटू नका. दुसरी जात जीपीएल नावाच्या लायसन्सची. सुपरटक्सकार्ट, बॅटल फॉर वेसनॉथ हे गेम तिथले. ते खुशाल विका, किंमत वाट्टेल ती लावा, कुणी अडवणार नाही. पण सोबत सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, द्यायचा, निदान मागितल्यावर देण्याचं लेखी वचन तरी. आणि खरी गंमत पुढं आहे: जो हक्क तुम्हाला, तोच तुमच्या पहिल्या गिऱ्हाइकाला. ते लेकरू संध्याकाळी वीस कॉप्या काढून वर्गात दहा रुपयांना विकेल, तेही कायद्याला धरून. म्हणजे ४९ रुपये देणारं गिऱ्हाईक पहिलं आणि बहुधा शेवटचं. ते जरा श्रीमंत घरचं बघा.

हुरूप यावा म्हणून डूम या गेमचं उदाहरण सांगत राहा. १९९३ मध्ये आयडी सॉफ्टवेअरनं त्याचा पहिला भाग फुकट वाटायला सोडला. दुकानदारांनी तो डिस्कवर विकून पैसे खिशात घातले तरी कंपनीला चालत होतं. का? कारण पुढचे भाग तिला स्वतःला विकायचे होते. दुकानदार तिची जाहिरात करत होते. तुमच्याकडं पुढचा भाग नाही, पण उदाहरण भारी आहे, सोडू नका.

आता माल काढायचा. कारखान्यात छापून घ्यायचा तर आधी काचेचा मास्टर, त्यावरून धातूचा साचा. हा खर्च शंभर नगांना तेवढाच, हजारांना तेवढाच. म्हणून हजारच काढा! नग स्वस्त पडतो आणि साडेनऊशे घरात पडतात. नाहीतर घरीच सीडी रायटरवर बर्न करा. त्या सीडीतला रंगाचा थर ऊन-उकाड्यानं खराब होतो, म्हणून मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात ठेवू नका. आपल्याकडं पत्र्याशिवाय दुकान सापडलं तर. झीरो ए. डी. नावाचा गेम घेणार असाल तर तो ७०० एमबीत मावतच नाही, डीव्हीडी लागेल. पाकीट, छपाई, भाडं, दुकानदाराचं कमिशन धरा. उरलेले पैसे दुकानदार "सोयाबीन आल्यावर देतो" म्हणेल. सोयाबीन येईल, भाव येणार नाही.

गेम बनवणाऱ्यांना काही पाठवायचं का? छे. त्यांनी मागितलेत कुठं?

राहता राहिलं, हल्लीच्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते. घाबरू नका. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह सोबत विका. तो हजाराच्या आसपास पडतो, आणि तुमच्या साऱ्या धंद्यात विकत आणावी लागेल अशी खरीखुरी वस्तू ती एकच. ४९ च्या सीडीसाठी कोण घेईल म्हणता? अहो, लातुरात बसलात तुम्ही. टक्स मॅथ नावाचा बेरीज-वजाबाकीचा फुकट गेम आहे, तो सगळ्यात वर ठेवा आणि पाकिटावर ठळक छापा: 'नीटची तयारी पहिलीपासून'. आई-बाप रांग लावतील, ड्राइव्ह दोन मागतील.