सर, ‘आहे’ दिसलं की ‘हॅव’ लावायचं, इथंच तर गाडी अडकते

सर, एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत त्याबद्दल आधी थँक्यू. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, सरांचं म्हणणं असं की मागच्या पोस्टमध्ये मी सिंपल पास्ट (‘आय एट’) आणि प्रेझेंट परफेक्ट (‘आय हॅव इटन’) यांचा उगाच गुंता करून ठेवलाय, मराठी वाक्याच्या शेवटी ‘आहे’ आलं की हॅव-हॅज आणि नाही आलं की सिंपल पास्ट, ते वर्षानुवर्षं असंच शिकवत आलेत आणि पोरं पास होतायत. आणि वरून अमेरिकन माणूस बिनधास्त ‘आय ऑलरेडी एट’ म्हणतो, मग माझा ‘ऑलरेडी आलं की परफेक्टच’ हा नियम राहिला कुठं.

अमेरिकनांचं तुमचं बरोबर आहे, त्यावर शेवटी येतो. पण ‘आहे’वाला नियम मला पटत नाही, आणि तो आपल्या कोल्हापूरच्या बोलण्यावरच तपासून बघू.

घरी पाहुणा आला की आपण काय विचारतो? ‘जेवलासा काय?’ यात ‘आहे’ कुठाय? तुमच्या हिशेबानं ‘डिड यू ईट’ व्हायला पाहिजे, पण ज्या ब्रिटिश इंग्लिशवर आपली पुस्तकं चालतात त्यात ‘हॅव यू इटन’ येतं, कारण विचारणाऱ्याला तुम्ही किती वाजता जेवलात याच्याशी काही घेणंदेणं नाही, ताट वाढायचं का नाही एवढंच बघायचंय. आता उलटं घ्या. ‘कालच आलोय पुण्यासनं.’ इथं ‘आहे’ आहे, ‘आलोय’मध्ये चिकटून बसलंय, पण इंग्लिशमध्ये ‘आय हॅव कम येस्टरडे’ चालत नाही, ‘आय केम येस्टरडे’च. आणि ‘मी त्याला दहा वर्षं ओळखतो’ यात ना भूतकाळ ना ‘आहे’, तरी इंग्लिशमध्ये ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’. म्हणजे नियम एकदा नाही, तीन बाजूंनी फसला.

आपलं ‘आहे’ लई मनमिळाऊ आहे हो, काल, परवा, गेल्या दिवाळीत, कुणाच्याही शेजारी जाऊन बसतं. इंग्लिशचं हॅव तसलं नाही, कधी झालं ते वेळेसकट सांगितलं आणि ती वेळ संपलेली असली की ते उठून जातं. ‘2019 ला बीकॉम केलंय’ हे मराठीत एकदम ठीक, म्हणून आपली पोरं रेझ्युमेत लिहितात ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बीकॉम इन 2019’. दहातल्या आठ पोरांचं असंच असतं असं मला वाटतं, मोजलेलं नाही, पण इंटरव्ह्यू घ्यायला बसलोय तेवढ्यावरून सांगतो. साल लिहायचं तर हॅव काढा, हॅव ठेवायचं तर साल काढा. टुडे, धिस वीक अजून चालू असतील तर हॅव चालतं, तिथं भांडण नाही.

तुम्ही म्हणाल पास होतायत ना, मग काय बिघडलं. माझं बिघडलं होतं ते सांगतो. मी शिरोलीत फाउंड्रीत क्वालिटीला आहे. एका लॉटमध्ये ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेली हवेची भोकं, सापडले, डोक्यात मराठी वाक्य होतं ‘डिस्पॅच थांबवला’, ‘आहे’ नव्हतं, म्हणून बाहेरच्या कस्टमरला मेल टाकला ‘वुई स्टॉप्ड द डिस्पॅच’. तासाभरात त्याचा उलटा प्रश्न, मग आता परत चालू केलाय का? मी चक्रावलो, साहेबांनी मेल वाचून माझ्याकडंच बघितलं. त्याची काहीच चूक नव्हती, मी थांबवल्याची गोष्ट सांगितली होती, अजून थांबलेलाच आहे हे सांगितलंच नव्हतं. ‘वुई हॅव स्टॉप्ड’ लिहिलं असतं तर तो प्रश्न आलाच नसता.

पावसाळ्यात आपण सगळे मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो, 39 फूट इशारा, 43 फूट धोका. ‘द रिव्हर हॅज क्रॉस्ड थर्टी-नाइन फीट’ असा मेसेज आला तर पाणी अजून वर आहे, गाडी काढून उंचावर लावा. ‘क्रॉस्ड थर्टी-नाइन फीट ऑन मंडे’ आला तर ती सोमवारची गोष्ट, आज उतरलंय का चढलंय ते दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

माणसांचंही तसंच. नेमबाज स्वप्निल कुसाळेबद्दल ‘ही हॅज वॉन अॅन ऑलिम्पिक मेडल’ म्हणता येतं, पण पॅरिस 2024 जोडलं की लगेच नुसतं ‘वॉन’. आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या पैलवान खाशाबा जाधवांचं 1952 चं ब्राँझ मात्र साल न सांगताही ‘वॉन’च, ते 1984 ला गेले, आता त्यांच्याबद्दल ‘हॅज वॉन’ कानाला खटकतं.

आता अमेरिकन. ऑलरेडी, जस्ट, येट यांच्याबरोबर ते सिंपल पास्ट सर्रास वापरतात आणि ते चूक नाही, मी पोस्टमध्ये ‘ऑलरेडी आलं की परफेक्टच’ असं ठोकून दिलं होतं ते माझं चुकलं. पण सर, सूट एकाच बाजूला आहे बघा. हॅवच्या जागी पास्ट घालणारा अमेरिकन भेटेल, ‘आय हॅव इटन येस्टरडे’ म्हणणारा तिकडंही भेटत नाही. आपल्या पोरांची चूक नेमकी ह्या दुसऱ्या बाजूची आहे, म्हणून अमेरिकेचा दाखला त्यांच्या कामाचा नाही.

तर ऑलरेडीचं ते वाक्य बदललंय. कधी बदललं म्हणून विचारू नका, मग हॅव काढावं लागेल.